पडीक लिहिलेली जागा

नव्या वस्तीचा नकाशा चावडीत पसरला होता आणि हरकती ऐकायला तहसीलदार बसले होते. मेंढरं बसायचा माळ वस्ती आखणाऱ्या कमिटीनं ‘पडीक’ लिहून तिथं घरं आखली होती. मी लोकरीचा व्यापारी. धंदा एकट्यानं उभा केलेला. मेंढरं गेली की तोही बुडणार होता. मी घसा बसेपर्यंत भांडलो. चावडीत मला बसायला खुर्ची तर कधीच मिळाली नव्हती, त्या दिवशी कुणी मान वर करूनही पाहिलं नाही.

तेवढ्यात लिंबागणेश गावाकडचा, याच माळावर मेंढरं बसवणारा एक म्हातारा धनगर पुढं आला. त्यानं वहाणा बाहेर काढल्या होत्या. घोंगडीला हात पुसून त्यानं नकाशावरच्या माळावर हळूच अंगठा टेकवला.

“सायेब, दिवाळीनंतर आमी मेंढरं घेऊन लांब जातो. तवाच तुमची मोजणी झाली. तुमी रजेवर गेलाव, तर तुमची खुर्ची पडीक लिवत्यात का?”

तहसीलदार खो खो हसले आणि त्यांनी लाल शाईनं माळावरची सगळी घरं खोडली.

बाहेर येताच मी म्हाताऱ्याला मिठी मारली. तो अंग सोडवत म्हणाला, “तू कावून एवढा वरडत व्हतास बे? बाहेर माझी मेंढरं बुजली की!”

असं बोलणाऱ्याला मी सोडत नाही. त्या दिवशी मात्र त्याची सगळी लोकर मी घासाघीस न करता त्यानं सांगितलेल्या भावानं घेतली, आयुष्यात एकदाच.