हरायला उभा राहिलेला

दोन हजार तेवीस साली मी एकसष्ट वर्षांचा होतो. शारजातल्या आमच्या लेबर कॅम्पात मराठी माणसांची एकच मेस होती आणि ती कुणी चालवायची, हे हात वर करून ठरायचं होतं. माझ्याविरुद्ध उभा होता एक कोकणी एसीवाला. बोलताना डावा कान ओढायचा, दर वाक्याला "खलास!" म्हणायचा. तो हरणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालाही! त्यातच आमच्यातल्याच एकानं वेगळी मेस काढायची धमकी दिली. माणसं फुटली तर दोन्ही चुली विझणार, मग आहेच कंपनीचं बेचव जेवण. मी एसीवाल्याला दरडावलं, "अरे, माघार घे की! कशाला फूट पाडतोस?"

त्यानं कान ओढला. "काका, आज मी बसलो तर माझ्या बाजूची पोरं रुसून त्या वेगळ्या मेसकडे जातील. त्यांना एकदा माझ्यासाठी हात वर करू द्या. हरलो की मीच त्यांना तुमच्याकडे आणतो. खलास!"

मला ती थाप वाटली.

रविवारी हात मोजले. तो सपाटून हरला. त्यानं ताट उचललं आणि ओरडला, "चला रे, काकांच्या पंगतीला!" त्याची सगळी पोरं हसत त्याच्यामागं आली. वेगळी चूल मांडणारा एकटाच उभा! मी तर टाळ्याच पिटल्या.

स्वयंपाकातलं जन्मात कुणाला न विचारणारा मी, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या खोलीवर गेलो आणि विचारलं, "आज डब्याला काय करू रे?"