सतराव्या खुंटीवरचं झाकण

आल्मुट ब्रेडेनकांप ही ब्रेमरहाफनच्या मासळीबाजारातल्या हमालाची लेक. ब्रेमेनच्या उपग्रह कारखान्यात ती पंचविसाव्या वर्षी लागली आणि प्रकल्पप्रमुख होईपर्यंत तिने तीन साहेब खाल्ले, तेही काटे काढून, सावकाश. तिच्या हाताखालून पाच उपग्रह वर गेले, पाचही चालले. बाई हुशार होती, यात वादच नाही. पण यशाला वाटेकरी नको आणि अपयशाला धनी दुसरा हवा, हे शास्त्र ती इंजिनिअरिंगच्या आधी शिकली होती.

सहावा उपग्रह समुद्रावरचा बर्फ मोजणार होता. अकरा वर्षांचं काम. त्याच्या नाजूक भागांवर लाल फितीची एकेचाळीस कापडी झाकणं असत. उड्डाणाआधी झाकण काढायचं आणि त्याच नंबरच्या खुंटीला टांगायचं. फळा भरला की उपग्रह तयार. मग यंत्राला पुन्हा हात लावायचा नाही, फळ्यावर विश्वास ठेवायचा, असा तिथला दंडक.

उड्डाणतळावर शेवटची झाकणं काढायच्या दिवशी मंत्रीणबाई फोटोला आल्या. चाळीस खुंट्या भरल्या होत्या. सतरावी रिकामी, कारण कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण दुपारी निघायचं होतं.

"दात पडल्यासारखं दिसतंय," आल्मुट पुटपुटली. पाहुण्यांच्या हातात द्यायला तिने बाहेरच्या शिंप्याकडून एक हुबेहूब नकली झाकण गुपचूप शिवून घेतलं होतं, नंबरासकट. तेच तिने सतराव्या खुंटीवर अडकवलं. फोटो झकास आला. मंत्रीणबाईंना जेवायला न्यायच्या गडबडीत ते काढायचं राहून गेलं.

दुपारी हिन्नेर्क वोलर्स आला. छत्तीस वर्षं नोकरी झालेला तंत्रज्ञ, सगळी झाकणं तो स्वतःच्या हातांनी शिवायचा. भरलेला फळा पाहून त्याला वाटलं, सकाळच्या पाळीने काम उरकलं. त्याने नियमाप्रमाणे सही केली आणि निघून गेला.

वर गेलेल्या उपग्रहाने पहिला फोटो पाठवला तो काळाकुट्ट. आल्मुटला त्याच क्षणी सगळं कळलं. चंद्रावरच्या मोहिमेचं प्रमुखपद महिन्याभरात ठरणार होतं, आणि ते तिच्याच पदरात पडणार असं सगळे म्हणत होते. ती गप्प बसली.

फळ्यावर एकेचाळीस झाकणं आणि वर भिंगावर आणखी एक, म्हणून चौकशी समितीचा एकच प्रश्न होता, जादा झाकण कोणी शिवलं? सगळ्यांची नजर हिन्नेर्ककडे वळली. तेव्हा आल्मुट स्वतः त्याच्या घरी गेली. त्याने चहा केला, पण तिने कपाला हात लावला नाही.

"बाई, मी जादा झाकण शिवलं नाही हो."

"नक्की?"

"म्हणजे... आठवत तरी नाही."

"बायकोच्या आजारपणात तुम्हाला स्वतःच्या गाडीच्या किल्ल्या आठवत नव्हत्या, हिन्नेर्क. आम्ही किती हसायचो. नमुन्याला एखादं शिवलं असेल, मिसळलं असेल. माणूसच आहात."

हिन्नेर्क आपल्या हातांकडे बघत राहिला. छत्तीस वर्षांत त्या हातांनी एक टाका चुकवला नव्हता, आणि आता त्याचाच त्यांच्यावरचा विश्वास उडत होता. हे तिला समोर दिसत होतं. तिला दया आली नाही. उलट हायसं वाटलं.

"मग शिवलं असेन," तो म्हणाला.

"'असेन' नको. त्याने चौकशी लांबते. 'शिवलं' असं लिहा."

त्याने लिहिलं. निवृत्तीला सहा महिने असताना कामावरून काढून टाकतील, हे दोघांनाही ठाऊक होतं. कागद तिच्याकडे सरकवताना त्याचे डोळे भरून आले.

"तुमची अकरा वर्षं मातीत घातली मी. माफ करा बाई."

"केलं," आल्मुट म्हणाली आणि कागदाची घडी घातली.

"आता तरी मला झोप लागेल का हो?"

"लागेल की," दाराकडे जाता जाता ती म्हणाली. "मला लागते."