हिरामणकाकांच्या कमरेची चावी

दोन नंबरच्या गाडीसाठी मी रिमोटचं बटण दाबलं. ती समोर मुकाट सुरू झाली म्हणून मी स्वतःवर खूश झालो. तेवढ्यात गोदामाच्या दुसऱ्या टोकाला एक नंबरची गाडी, वर कुणी नसताना, कापडाच्या गठड्यांत जाऊन घुसली.

साल सत्त्याण्णव. पूर्ण्याच्या त्या गोदामात माल ओढायला बॅटरीच्या दोन गाड्या होत्या. शेठचा ड्रायव्हरांवर भरवसा नव्हता. गाडी ऑफिसच्या केबिनमधूनच चालू-बंद व्हावी अशी त्याची इच्छा. म्हणून मी, शहापूरच्या शाळेतून डिप्लोमापर्यंत पोचलेला, मायक्रोकंट्रोलरचे दोन डबे घेऊन आलो. डबा चावीच्या तारांना जोडायचा. रिमोटचा नंबर जुळला की चावीचं काम डबा करी. चाचणी संपेपर्यंत चाव्या ड्रायव्हरांकडेच होत्या.

एक नंबर हिरामणकाकांची. गोदाम उभं होतं ती त्यांचीच भातखाचरं. जमीन देताना ही नोकरी त्यांनी मागून घेतली होती. गाडी पुढे-मागे नेणारा दांडा पुढे ठेवूनच ते उतरत, परत बसल्यावर तेवढाच एक हात वाचतो म्हणून. चावी मात्र करगोट्याला बांधलेली. आंघोळीलाही सुटत नसे.

सुपरवायझर यादवरावांनी त्यांना समोर उभं केलं. "दुसरी चावी कुणाला दिलीस?"

"चावी एकच हाय. माजे कमरेला."

"मग गाडी काय भुताने हाकली?"

"भूत कशाला? ह्या इंजनेराला इचारा ना."

मी छाती काढून सांगितलं की दोन नंबरच्या बटणाने एक नंबर चालूच होऊ शकत नाही, दोघांचा कोड वेगळा. त्यात इंग्रजी शब्द इतके घातले की यादवरावांना पटलं. शनिवारपर्यंत दुसऱ्या चावीचा पत्ता लागला नाही तर काकांना घरी बसवायचं ठरलं.

गाडी हलू नये म्हणून काकांनी दांडा ओढून मधे आणला, गाडीपुढे स्टूल टाकलं आणि बसले. हमाल चिडवायचे, "काका, राखण कसली? डुकरं येतात काय?"

"येतो एक. हातान पेटी घेऊन."

माझ्याकडे बघायचे नाहीत. गाडी चालू झाली की चावीजवळ लागणाऱ्या लाल दिव्याकडे बघत राहायचे. मला वाटायचं, म्हातारा नक्कीच काहीतरी लपवतोय.

शुक्रवारी दुपारी त्यांनी यादवरावांना चहाला बोलावून स्टुलावर बसवलं. करगोट्याची चावी सोडून त्यांच्या मुठीत दिली. बाहेर अंगणात मी नेहमीप्रमाणे दोन नंबरचं बटण दाबलं. आत एक नंबरचा दिवा लागला.

"साहेब, चावी कुनाचे हातात हाय?"

यादवरावांनी मला हाक मारली. मी डबा उघडून तपासला. दोन नंबरच्या चिपचा प्रोग्रॅम मी एक नंबरच्या चिपमध्ये जसाच्या तसा उतरवला होता. नंबर बदलायचा राहून गेला होता.

"लिवून दे," काका म्हणाले. "शेठपुढं ठेवतो."

मी लिहिलं : तांत्रिक दोषामुळे गाडी आपोआप सुरू झाली, ड्रायव्हरची चूक नाही. काकांनी यादवरावांकडून कागद दोनदा वाचून घेतला.

"ह्यान तुजा नाव कुठं हाय?"

"खाली सही आहे ना."

"सही हाय. चूक कुनाची, ते न्हाय."

दुसरा कागद आणतो म्हणालो. त्या पहिल्याच कागदावर काकांची नोकरी टिकली.

नंतर दोनदा पूर्ण्याला गेलो. दोन्ही वेळा काकांनी विचारलं, "आनलास कागद?" पहिल्यांदा माझ्याकडे पेन नव्हतं. दुसऱ्यांदा होतं.