बुरशी मारायची का जगवायची?

मंडळी, आज पेरणीआधी सोयाबीनच्या बियाण्याले बुरशीनाशक चोळलं. बियाणं लालभडक झालं. मंग दुकानदारानं संगं दिलेली मायकोरायझाची पुडी फोडली. ही म्हणे चांगली बुरशी. पिकाच्या मुळाले धरते अन् मातीतलं दूरचं स्फुरद, म्हंजे फॉस्फरस, त्याले आणून देते.

तेवढ्यात बायको म्हणे, "अहो, आधी बुरशी मारायचं औषध लावलं, अन् आता त्याच्यावरच बुरशी टाकता? ती जगन काय?"

मी वरवट बकालच्या त्या दुकानदाराले फोन लावला. तो म्हणे, "बिनधास्त लावा, भाऊ. काही होत नाही."

काही होत नाही, हेच तं मले खटकून राह्यलं. दोन्ही माल त्याचेच.

पुडी अजून माह्या हातातच आहे. तुम्ही दोन्ही संगंच लावता काय? अन् मातीखाली बुरशी मेली, तं दिसते कोणाले?