टिपा, चोळू नका

डॉ. शैलजाबाईंची आणि माझी ओळख झाली ती एका मुलीच्या हातांमुळे. मी तेव्हा हरसूलच्या बाजूला एका निवासी शाळेत शिकवत होते. ऐन थंडीत पाचवीतल्या मंदाच्या हातापायांवर लाल, खरखरीत चट्टे उठले. खरूज म्हणून मुलींनी तिचं ताट वेगळं केलं आणि तिला घरी न्यायला वडिलांना निरोप गेला. आमच्याकडे अशी घरी गेलेली मुलगी सहसा परत येत नसे. मी घाबरले आणि तिला घेऊन थेट नाशिकला बाईंच्या दवाखान्यात आले.

तिथल्या बाकावर कोवळं ऊन पसरलं होतं. बाईंनी भिंगातून तिच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्या. शेजारी झोपणाऱ्या मुलींनाही खाज सुटते का, ते विचारलं. मग आंघोळीची चौकशी सुरू केली, तीही इतक्या संथ, मऊ आवाजात की माझ्या पापण्या जड झाल्या आणि मंदा खाजवायचं विसरली. बाई आजही तशाच बोलतात. त्यांच्यासमोर बसलं की रस्त्यावरच्या रिक्षांचे भोंगे कुठल्या तरी दुसऱ्या गावातून आल्यासारखे वाटतात.

खरूज जावी म्हणून आमच्या स्वयंपाकाच्या मावशी मंदाला रोज कढत पाण्याने, कपड्याच्या साबणाने न्हाऊ घालत आणि पंच्याने खसखसून पुसत. अगदी मायेने. बाई म्हणाल्या, "खरूज नाही ही. कातडी कोरडी पडलीय, आणि उरलीसुरली ओल तुम्ही घासून काढताय."

"मंग मी शाळंत राहू ना?" मंदाने विचारलं.

बाईंनी चिठ्ठीसाठी घेतलेला कागद बाजूला सरकवला. "चिठ्ठी वाचून कुणी हिच्या शेजारी जेवायला बसणार नाही. मीच येते."

आठवडी बाजाराच्या दिवशी त्या खरंच आल्या. मंदाचे वडील तिच्या कपड्यांसाठी पिशवी घेऊन अंगणात उभेच होते. मावशी म्हणाल्या, "डाक्तरीणबाय, लय खाजवती वो ती. समद्या पोरींना लागंल."

बाईंनी वाद घातला नाही. कोमट पाण्याने मंदाचे हात धुतले आणि मऊ फडक्याने अलगद टिपले. "मावशी, टिपा, चोळू नका. अंग ओलसर असतानाच मलम लावा. स्वेटरच्या आत सुती घाला, नखं कापा. चट्टे चिघळले किंवा ताप आला, तर मात्र लगेच दाखवा." मग मंदाचा तो हात उचलून त्यांनी आपल्या गालावर ठेवला आणि डोळे मिटले. आपण हे जागेपणी पाहतोय ना, असं मला वाटून गेलं.

दुपारी त्या मंदाच्याच ताटात जेवल्या. मुली एकेक करत जवळ सरकल्या. ते पाहून वडील म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मंग तिला," आणि बाजाराकडे निघून गेले. मला रडू आवरलं नाही.

मंदा आमच्याच शाळेत दहावी झाली. बाईंना आज पंचाहत्तरावं वर्ष लागतंय. जगाला कोमट पाणी सांगणाऱ्या बाई स्वतः मात्र कढत पाण्याने आंघोळ करतात आणि हिवाळाभर नडग्या खाजवतात, हे आम्हा जवळच्या माणसांना पक्कं ठाऊक आहे. बाई, निदान आता तरी स्वतःचं पथ्य पाळा आणि भरपूर वर्षं ठणठणीत राहा. अजून पुष्कळ मुलींच्या वडिलांना रिकाम्या पिशवीने परत पाठवायचं आहे.