गाडीसाठी मांडलेली चूल

नामाशेठनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या दुकानात घेतली नाही. रेवसच्या रस्त्याला लागून असलेल्या त्यांच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ज्याला ठाऊक नसे त्याला नामाशेठ स्वतः थांबवून सांगत. छत्री ते दिवाळीत घेत आणि फटाके श्रावणात. एकदा दोरखंड स्वस्त मिळतो म्हणून लाँचनं मुंबईला भाऊच्या धक्क्यावर गेले, जाता-येता तिकीट काढलं, वर दोन वेळचं बाहेर खाल्लं, आणि ‘दोरखंड स्वस्त पडला’ असं चार दिवस गावभर सांगत फिरले. विपुल हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याच्या लग्नाचा मांडव त्यांनी शेजारच्या लग्नाशी जोडून घेतला होता. मांडव एकच, सकाळी त्यांचं लग्न, संध्याकाळी ह्यांचं. कमानीवरची नावं मात्र बदलायची राहिली. त्यामुळे सून कल्पिता हिच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत तिच्या डोक्यावर भलत्याच नवरा-नवरीचं नाव आहे. ते फोटो ती कुणाला दाखवत नाही.

माणूस वाईट नव्हता. बाप मिठागरात राबला, नामाशेठनी एका जुन्या ट्रकावर सुरुवात करून तीन डंपर उभे केले आणि बांधालगत सहा खोल्यांचं घर बांधलं. त्या घरात एकच गोष्ट अशी होती, जिचा भाव त्यांनी कधी काढला नव्हता. संध्याकाळी चौघांनी एकत्र जेवायचं. विपुल पनवेलच्या गोदामात मॅनेजर. रस्त्यात अडकला, उशीर झाला, तरी नामाशेठ पाटावरून उठत नसत आणि घासही घेत नसत. ठमी, त्यांची बायको, कालवण तीनदा गरम करी आणि तीनदा नवऱ्याला बोलून घेई. विपुल आला की मग ताटं वाढली जात.

अक्षय्य तृतीयेला विपुलनं विजेवरची गाडी आणली. गाडी घेताना त्यानं बापाला विचारलं नाही, ह्याचं नामाशेठना दुःख झालं. पण विजेचा दर ठरवायचा बाकी आहे हे कळताच ते दुःख कुठल्या कुठे पळालं.

“गाडी तुजी,” ते विपुलला म्हणाले, “पन दर मी ठरवनार.”

त्यांनी कमलेश वायरमनला बोलावलं. कमलेश गावातल्या जोडण्यांची कामं करी आणि वीज ऑफिसचे फॉर्मही भरून देई. ओटीवर बसून त्यानं समजावलं. गाडी घरच्याच मीटरवर लावली तर नवीन काही करायला नको, पण युनिटं वाढली की वरच्या युनिटांचा दरही चढतो. मग टीव्हीपासून फ्रीजपर्यंत सगळ्यांचंच बिल फुगल्यासारखं वाटणार. गाडीसाठी वेगळी जोडणी घेतली तर दर चढत नाही, पण गाडी हलली नाही तरी दर महिन्याचा ठरलेला आकार भरायचा. तिसरा मार्ग म्हणजे वेळेप्रमाणे दर. दुपारी वीज स्वस्त.

“दुपारची गाडी कुठं असते?” नामाशेठनी विचारलं.

“पनवेलला,” विपुल म्हणाला.

“मंग दुपारच्याला घरी ठेव. तू एसटीनं जा.”

नामाशेठ चेष्टा करत नव्हते.

पुढचे तीन आठवडे नामाशेठ काखोटीला वही मारून हिंडले. वहीत रकाने, रकान्यांत रकाने. किहीमच्या साडूला फोन, अलिबागच्या व्याह्यांना फोन. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी प्रश्न टाकला, तेव्हा बारा जणांनी गाडीचे फोटो मागितले आणि एकानं शुभ सकाळ म्हटलं. शेवटी त्यांना चौथा मार्ग सुचला. असा मार्ग कमलेशलाही सुचला नव्हता, आणि ह्या गोष्टीचा त्यांना पुढे कितीतरी दिवस अभिमान होता.

मार्ग सोपा होता. एका घरात दोन कुटुंबं विभक्त राहत असतील तर दोन घरगुती मीटर मिळतात. दोन मीटर म्हणजे दोन्हीकडे युनिटं कमी, दोन्हीकडे खालचाच दर. आपण बाप-लेक कागदावर वेगळे व्हायचं, मागच्या दोन खोल्या विपुलच्या नावे दाखवायच्या आणि गाडी त्या मीटरवर लावायची.

“चूल येगली करताव?” ठमीनं हातातली कोयती खाली ठेवली. ती बोंबील कापत होती. “कोन मेला, का कोन भांडला?”

“कागदावर गो. फकस्त कागदावर.”

“चूल कंदी कागदावर असते का?”

नामाशेठनी वही उघडून दाखवली. ठमीनं वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या गावात चूल वेगळी होते ती तेराव्यानंतर, नाहीतर डोकी फुटल्यानंतर. विजेच्या दरासाठी चूल मोडणारा पहिला माणूस आपल्याच घरात निघावा, ह्याची तिला लाज वाटली आणि तिनं ती बोलून दाखवली. नामाशेठनी ऐकलं नाही. शंभराच्या बाँडवर त्यांनी मजकूर स्वतः सांगितला. ‘आम्ही पितापुत्र गेली चार वर्षे राजीखुशीने विभक्त राहत असून आमचा स्वयंपाक वेगळा आहे.’ विपुलनं सही केली. कल्पितानं कागद मात्र दोनदा वाचला आणि मग सही केली.

मागच्या भिंतीत दार पाडलं. पुढच्या आणि मागच्या घरामधल्या दारावर प्लायवूड ठोकला. नवी शेगडी आणली, अर्थातच चौथ्या दुकानातून. महिन्याभरात वीज ऑफिसचे साहेब तपासायला आले. मागच्या खोलीत शेगडीपाशी वाकून ते म्हणाले, “ह्याच्यावरचा स्टिकर अजून निघाला नाही. चार वर्षं इथं शिजवता काय?”

“आमी उकडलेलंच खातो,” नामाशेठ म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “पुन्हा येईन. कधी ते सांगत नाही.”

झालं. नामाशेठनी त्याच दिवशी फर्मान काढलं. साहेब येईपर्यंत मागच्या घरात खरोखर शिजलं पाहिजे. फोडणीचे डाग पाहिजेत, डबे पाहिजेत, भिंतीवर तेल उडालेलं पाहिजे. कल्पितानं मान हलवली आणि पहिल्याच संध्याकाळी नारळ न घालता कोलंबी परतली. ह्या घरात अशी कोलंबी कधी झाली नव्हती. विपुलनं तीनदा भात घेतला. प्लायवूडच्या अलीकडे नामाशेठ आणि ठमी ताटं घेऊन बसले होते. पाच-सहा दिवसांचा तर प्रश्न, असं नामाशेठ म्हणाले.

साहेब पाच आठवड्यांनी आले. शेगडी काळवंडली होती, मसाल्याच्या डब्यावर कल्पिताच्या अक्षरातली चिठ्ठी होती, खिडकीत कढीपत्त्याची कुंडी होती. साहेबांचं समाधान झालं. भिंतीवर दुसरा मीटर बसला. नामाशेठनी कमलेशला पेढे दिले आणि हॉटेलवर जाऊन सगळा हिशोब सांगितला. तिथेच चूक झाली.

कारण गावकीनंही तो हिशोब ऐकला. गावकीची वर्गणी घरावर नसते, चुलीवर असते. आठ दिवसांत सदा नावाचा कारभारी पावतीपुस्तक घेऊन हजर. “नामाशेठ, तुमची एक, विपुलची एक.”

“आरं, ती खोटी चूल हाय!”

“मंग सरकारला कशाला सांगितलाव खरी हाय म्हनून?” सदा शांतपणे म्हणाला. “दोन्हीपैकी एक कुठंतरी खोटं बोलावं लागंल. आमच्याशी नका बोलू.” नामाशेठनी दोन पावत्या फाडल्या. त्या दिवसापासून गावातली लग्नाची आमंत्रणंही दोन-दोन येऊ लागली.

हेही त्यांनी गिळलं असतं. पण भाद्रपदात नव्या मीटरचं बिल आलं ते इतकं कमी, की नामाशेठना आधी आनंद झाला आणि मग शंका आली. गाडी रोज पनवेलला जाते-येते, मग वीज खाते कुठली? त्यांनी विपुलला विचारलं.

विपुल बूट घालता घालता थांबला. “बाबा, गाडी कंपनीत चार्ज होते. पार्किंगमध्ये सोय आहे. सगळ्यांना फुकट.”

“कदीपासनं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“आनि तू बोलला न्हायस?”

“तुम्ही वही घेऊन हिंडत होतात,” विपुल म्हणाला. “इतकं खूश मी तुम्हाला डंपर घेतलात तेव्हाही पाहिलं नव्हतं. मग सांगवेना.”

नामाशेठ ओटीवर बसून राहिले. फुकट! सगळ्या रकान्यांत हा दर त्यांनी धरलाच नव्हता. थोड्या वेळानं त्यांना बरंही वाटलं, कारण आता ह्या सगळ्याची गरज उरली नव्हती. संध्याकाळी बाहेरून वळसा घालून ते मागच्या दाराशी गेले. कल्पिता भाकरी थापत होती.

“कल्पिता, उद्या प्लायवूड कारून टाकू. मीटर परत देऊ. चूल एक करू.”

कल्पितानं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, हात पुसले. “साहेब कधीही येईल असं तुम्हीच बोललात ना, बाबा?”

“येऊ दे. सांगू, झाले एकत्र.”

“बाबा, रागावू नका,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. “सहा वर्षं मी त्या घरात जेवले. आईंनी कधी काही कमी केलं नाही. पण आज काय खाशील, असं सहा वर्षांत मला कुणी विचारलं नाही. इथं मी स्वतःला विचारते. मला हे मोडायचं नाही. तुम्हाला मोडायचं असेल तर मोडा, घर तुमचं आहे.”

नामाशेठ घासाघीस करण्यात कुणाला हार गेले नव्हते. पण समोरच्या माणसानं भावच सांगितला नाही तर घासाघीस कशी करायची, हे त्यांना माहीत नव्हतं. ते परत वळसा घालून पुढच्या घरात आले. ठमीला त्यांनी सगळं सांगितलं. ती सुनेला शिव्या देईल असं त्यांना वाटलं होतं.

“पोरगी खरं बोलली,” ठमी म्हणाली. “मना पन कोनी इचारलं न्हवतं. मना तवा कोनी कागूद करून दिला न्हाय.”

नामाशेठ तरीही संध्याकाळी पाटावर बसून वाट बघत. बाहेर गाडी येई. विजेवरची असल्यानं तिचा आवाज होत नसे, फक्त दिवे भिंतीवरून सरकत आणि मागे जात. मग ठमी म्हणे, “जेवा आता.” ते जेवत.

दसऱ्याला सकाळीच पुढच्या दारात कल्पिता उभी राहिली. नवी साडी, हातात कुंकवाचा करंडा. तिनं ठमीला कुंकू लावलं, दोघांना नमस्कार केला आणि रीतसर म्हणाली, “आज गाडीची पूजा आहे. जेवायला या. चूलबंद आमंत्रण आहे, आई, तुम्ही काही शिजवू नका.”

ती गेल्यावर ठमीनं पेटीतून इस्त्रीचा सदरा काढला आणि देव्हाऱ्यापुढचा नारळ उचलला.

“नारळ कशाला?” नामाशेठ म्हणाले.

“दुसऱ्याच्या घरी जेवायला रिकाम्या हातानं जातंत का?”

दोघं पुढच्या दारानं निघाले, कुलूप लावलं, झेंडू घातलेल्या गाडीला वळसा घालून मागच्या दाराशी आले. विपुलनं “या, या” म्हणून नारळ घेतला. पाटाभोवती रांगोळी होती. कल्पितानं वाढलं. नामाशेठना काय काय आवडतं ते सगळं होतं, आणि ते इतकं चांगलं झालं होतं की त्यांचा हात तिथेच थांबला.

कल्पिताला वाटलं, ते संकोचताहेत. तिनं वाटी पुढे सरकवली आणि मनापासून म्हणाली, “पोटभर जेवा, बाबा. आपलंच घर समजा.”

नामाशेठ ताटाकडे बघत “हो” म्हणाले.