पाऊण इंच पुढं, एक इंच मागं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिच्यापासून मला साधी विडी दोन दिवस लपवता आली नाही, यावरून काय ते समजा. आज तुम्हाला मित्र समजून सांगतो. जमेल तसं सांगतो.

आधी डॉक्टरांबद्दल बोलू द्या. डॉक्टर वाघमारे आमच्या दूध संघाचे गुरांचे डॉक्टर, आणि मी त्याच संघाच्या गॅरेजात मिस्त्री. डॉक्टर मूळचे माकणीचे. आईबाप दुसऱ्याच्या रानात मजुरीला, आणि हा पोरगा गणितात पैकीच्या पैकी मार्क घेत डॉक्टर झालेला. "बापू, मला गणितानं इथवर आणलं," म्हणायचे. म्हशीच्या छातीला दोरी लावली की वजन तोंडी सांगायचे, आणि औषध किती द्यायचं तेही त्याच दमात. दुष्काळात जनावरांच्या छावणीत त्यांच्यापुढं ही लांब रांग लागायची, पण भराभर सरकायची. मला फार आवडायचा हा माणूस. अजून आवडतो – मग मी असं का केलं?

थांबा, गाडीचं राहिलं. येडशीला स्टेशनामागच्या शेडमध्ये निजामाच्या काळातल्या कुण्या अंमलदाराची मोटार पडून होती. उघडी, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी, शर्यतीच्या गाडीसारखी. आत कोंबड्या अंडी घालायच्या. संघाची जीप निम्मे दिवस माझ्याकडंच आजारी, म्हणून छावण्या फिरायला डॉक्टरांनी ही मागून आणली. म्हणजे सांगायला कारण ते. खरं म्हणजे त्यांचा जीव जडला होता तिच्यावर. मी तिला मोडीतल्या जीपचं इंजिन बसवलं. अशी पळायला लागली म्हणता! थांबायला मात्र तयार नाही.

मूळ गाडीत ब्रेकचं तेल ढकलणारा सिलिंडर एकच होता, चारी चाकांना मिळून. डॉक्टर म्हणाले, "एक नळी फुटली की चारी चाकं गेली, बापू. दोन लाव. एक पुढच्याला, एक मागच्याला." मापंही त्यांनीच काढली, कागदावर, पेन्सिलीनं. पुढच्या चाकांना पाऊण इंची सिलिंडर, मागच्यांना एक इंची.

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढं जातो, म्हणून पुढं जोर जास्त पाहिजे, एवढं मलाही कळत होतं. पण जास्त जोर पाहिजे तिथं बारीक सिलिंडर? डॉक्टरांनी पेटीतून इंजेक्शनच्या दोन पिचकाऱ्या काढल्या, एक जाड, एक बारीक, आणि मला दाबायला लावल्या. "अंगठा तोच हाय ना? बारकीतून लई जोरात येतंय का न्हाय?" मी म्हणालो, "व्हय साहेब." मला काडीचं कळलं नव्हतं.

दुष्काळात मी गावोगावच्या विहिरींवरचे पंप दुरुस्त करत हिंडलो होतो. पंप जेवढा जाड तेवढं पाणी जास्त, हे माझं सगळं शिक्षण. मनात म्हटलं, डॉक्टरांचं उलटं झालंय. सुया टोचणाऱ्याला लोखंडातलं काय कळतं! तोंडावर विचारलं नाही. गुपचूप एक इंची पुढं बसवला आणि पाऊण इंची मागं. त्यांची चूक न बोलता सुधारली, या आनंदात मी त्या दिवशी शीळ घालत घरी गेलो.

पण हा नुसता आगाऊपणा झाला. एवढंच असतं तर मी तुम्हाला कशाला बसवून घेतलं असतं?

सपाट रस्त्यावर, हळू वेगात, गाडी झकास थांबायची. चार दिवसांनी आम्ही दोघं येडशीचा घाट उतरत होतो. वळणावर शेळ्या आडव्या आल्या. डॉक्टरांनी ब्रेक दाबला आणि मागची चाकं जागीच आवळली – गाडी गर्रकन फिरली आणि दुष्काळी कामावर फोडून ठेवलेल्या खडीच्या ढिगावर आदळली. मला साधं खरचटलं नाही. डॉक्टरांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. आणि तसल्या हालतीत पहिला शब्द काय? "बापू, तुला लागलं का रं?"

रस्त्यावर मागच्या चाकांचे दोन काळे पट्टे उमटले होते. पुढच्या चाकांचा एकही नाही. बारीक सिलिंडर तिथं जोर जास्त – पिचकाऱ्यांचं गणित मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

आता ते सांगतो. डॉक्टर दवाखान्यात होते, त्या दोन दिवसांत मी गाडी गॅरेजात ओढून आणली आणि सिलिंडर बदलले. पाऊण इंची पुढं, एक इंची मागं – कागदावर होते तसे. भरदुपारी, सगळ्यांच्या देखत. मिस्त्री गाडीखाली शिरला तर कोण विचारतंय?

तिसऱ्या दिवशी डॉक्टर हात गळ्यात बांधून आले. खाली बसून बघितलं. बराच वेळ बघितलं. "तू तर बरोबर बसवलेस," म्हणाले. "म्हंजे माझंच गणित चुकलं."

आणि मी काय केलं? फडक्याला हात पुसत राहिलो.

संघात सगळ्यांना त्यांनी स्वतःच हसत हसत सांगितलं, माझ्यावर बालंट येऊ नये म्हणून. त्यांच्या हुशारीनं ज्यांच्या पोटात आधीपासून दुखायचं ते म्हणाले, "मार्क कुणी दिले म्हणायचे ह्यांना?" त्यात माझेच भाऊबंद होते. मी तिथंच उभा होतो, हातात पाना घेऊन.

त्यानंतर डॉक्टर तोंडी गणित करेनासे झाले. म्हशीला दोरी लावायचे, कागदावर मांडायचे, खोडायचे, परत मांडायचे. माणसं, जनावरं उन्हात खोळंबायची. मी जवळ असलो तर कागद माझ्यापुढं धरायचे. "एकदा तू बघ बरं, बापू." मी सातवी नापास. मी बघितल्यासारखं करायचो आणि म्हणायचो, "बरोबर हाय साहेब." त्यांचं हाड दीड महिन्यात जुळलं, पण ही सवय कायमची राहिली. गाडी परत शेडमध्ये गेली. तिला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

नोकरी संपवून माकणीला जाताना तो पेन्सिलीचा कागद त्यांनी मला दिला. "ह्यात कुठं चुकलोय ते हुडक. मला तर सापडंना." पुढं दर भेटीत विचारायचे, जरा चिडवल्यासारखं. त्या कागदात चूक नव्हती. शून्यसुद्धा इकडचं तिकडं नव्हतं.

शेवटचं भेटलो तेव्हा ते खाटेवर होते. आवाज खोल गेला होता. मला बघून इतके खूश झाले, की सुनेला दोनदा चहा टाकायला सांगितला.

"सापडली का रं चूक?"

"न्हाय साहेब."

ते हसले. "लईच लपून बसलीय म्हणायची."

मी हातभर अंतरावर बसलो होतो. बशीतला चहा संपवला आणि लोहाऱ्याची एसटी धरून घरी आलो.